जुईच्या दारातलं पायताण

वास नव्हता. बाकी सगळं होतं.

नोएडातल्या एका गुळगुळीत शोरूममध्ये, अंगावर काटा आणणाऱ्या एसीखाली, एका मुलीने माझ्या डोळ्यांवर ते जड यंत्र चढवलं, मागचा पट्टा आवळला, "कम्फर्टेबल, मैम?" असं विचारलं, आणि क्षणभर काळोख होऊन मी आमच्या गल्लीत उभी राहिले. सरोजिनी नगरच्या बाजारामागच्या सरकारी क्वार्टर्सची ती गल्ली आज पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. पिवळट चुन्याच्या भिंती, हिरवी दारं, दारांवर पांढऱ्या रंगात हाताने काढलेले नंबर. वर्मा आंटींच्या खिडकीतला कूलर आणि त्याची घरघर, मध्येच एक ठोका चुकणारी. तो चुकणारा ठोका मीच रेकॉर्ड केला होता. कूलरच्या पत्र्याला फोन टेकवून, श्वास रोखून.

पण जूनमध्ये त्याच कूलरच्या जाळीत नवी खस, म्हणजे वाळा, भरली की ओल्या मातीचा जो वास घरभर फिरायचा, तो नव्हता. ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलली की संध्याकाळी डोकं जड करणारा तो गोड वास नव्हता. डिसेंबरात गच्चीवर उन्हाला टाकलेल्या रजया, त्यांना चिकटलेला डांबराच्या गोळ्यांचा दर्प, त्यावर बसून सोललेल्या शेंगांच्या टरफलांचा करपट वास, काहीच नव्हतं. आणि नव्हता आमच्या घरातला तो बारमाही वास, छापखान्याच्या ओल्या शाईचा.

बाबा एका मंत्रालयात कारकून होते. पण ती त्यांची नोकरी झाली. त्यांचं काम वेगळं होतं. ते कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायचे. परभणीहून परीक्षा देऊन दिल्लीत आलेला हा माणूस हिंदीत अशी पत्रकं लिहायचा की गल्लीतले उत्तर प्रदेशचे लोक आपापले अर्जही त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. गुलाबी, पातळ, हाताला शाई लावणारा कागद. मी अक्षरं अंकलिपीवर शिकले नाही, त्या कागदांवर शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द 'साथियो' हा होता. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, छापखान्याच्या नावाच्याही खाली, बारीक टाइपात एक ओळ असायची: 'पढ़कर आगे दें।' शाळेत जाण्याआधी मी गठ्ठा घेऊन गल्लीभर फिरायची आणि दारांच्या फटींतून एकेक कागद आत सरकवायची. आतून कुणीतरी दात घासत असल्याचा आवाज यायचा, कुकरची शिट्टी यायची, कधी कुणी आतूनच ओरडायचं, आ गई छोटी नेता.

रविवारी आमच्याकडे बैठक असायची. आत चर्चा, बाहेर चपला. आमच्या दारात चपलांचा ढीग पडला की गल्लीतले लोक म्हणायचे, आज सरकार गिरेगी. मला आत बसू द्यायचे नाहीत, म्हणून मी पायरीवर बसून चपला वाचायची. टाच एका बाजूने झिजलेली म्हणजे रेल्वेवाले काका. अंगठा शिवून घेतलेला म्हणजे डाकखान्यातले. बाटाच्या दुकानातून नुकती आणलेली, अजून ऐटीत बसलेली, म्हणजे नवा सभासद, हा दोन बैठकांत गळणार. आणि एक चप्पल पायरीवर, दुसरी थेट तुळशीपाशी, अशी विखुरलेली असली, तर ती समोरच्या सी-सत्तावीसमधली जुई. तिला बैठकीशी काही घेणं नसायचं. ती पोह्यांसाठी यायची.

बाबा चपला म्हणत नसत. ते पायताण म्हणत. जुईच्या घरचे नागपूरचे, पण ती जन्मली वाढली दिल्लीत, तिला हा शब्द फार हसवायचा. "काका, फिरसे बोला ना," असं म्हणून ती त्यांच्याकडून तो वदवून घ्यायची. आई वैतागायची की इतकी वर्षं दिल्लीत काढून या माणसाला साधं चप्पल म्हणता येत नाही. बाबा म्हणायचे, चप्पल बाजारात मिळते, पायताण घरून आणावं लागतं.

नववीच्या उन्हाळ्यात जुईने मला तो खेळ दाखवला. तिच्या दादाचा जुना संगणक, त्याचा पंखा कूलरपेक्षा मोठा ओरडायचा. त्या खेळात कुणालाही एक रिकामी जमीन मिळायची. त्यावर भिंत उभारा, झाड लावा, नदी सोडा. पण ते सगळं मुकं असायचं. दार असायचं आणि उघडायचं नाही. त्याला लिहून सांगावं लागायचं: कुणी पाच पावलांवर आलं तर उघड, गेलं की मीट. त्या लिहिण्याला स्क्रिप्ट म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही त्याला 'सांगणं' म्हणायचो. दाराला सांगितलंस का? दिव्याला सांग. पहिलं दार उघडलं त्या दुपारी आम्ही दोघी ते शंभरदा उघडून पाहिलं असेल. बाहेर लू, उन्हाळ्यातला तो तापलेला वारा, वाहत होती, खिडकीच्या फटीतून तिची शीळ ऐकू येत होती आणि आमच्या जमिनीवर एक दार, आम्ही सांगितलं म्हणून, उघडत होतं.

जुईला डोळा होता, मला नियम. ती भिंतीचा रंग असा लावायची की ओल आलेली वाटायची. मी ठरवायची कुणी आलं तर काय व्हावं, गेलं तर काय राहावं. प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर आम्ही एक ओळ लिहायचो, संगणक जिच्याकडे दुर्लक्ष करतो अशी. पत्रकाच्या तळाची ओळ मी उचलून माथ्यावर आणली होती. पढ़कर आगे दें. मला वाटायचं, जगात ज्या गोष्टीला कुलूप नाही तीच चांगली. आजही वाटतं. त्याची शिक्षाही मिळाली, ते पुढे सांगते.

मग क्वार्टर्स रिकामे करायचा कागद आला. कारणं मी इथे लिहीत नाही. ती त्या वर्षीच्या पत्रकांत आहेत आणि ती पत्रकं कुणी आगे दिली नाहीत. मला आठवतात ते आवाज. ट्रकच्या फळ्या आपटल्याचा. कबाडीची, भंगारवाल्याची, सायकल दिवसातून आठ वेळा. रिकाम्या घरात स्वतःचं बोलणं परत येतं तो. वर्मा आंटी द्वारकेला, रेल्वेवाले काका गावी, जुईचे लोक रोहिणीला, आणि आम्ही दिल्लीबाहेरच्या वैशालीत, नवव्या मजल्यावर.

जाण्याआधीचे तीन आठवडे जुई आणि मी गल्ली मोजत होतो. मी पावलांनी, ती फोनने. प्रत्येक भिंतीचा फोटो, प्रत्येक दाराची करकर. कडुलिंबाचं खोड आम्ही दोघींनी मिठी मारून मोजलं. चार हात पुरले नाहीत. हे सगळं आम्ही त्या रिकाम्या जमिनीवर पुन्हा उभं करणार होतो. बाबांचा आवाजही घेतला. कडुलिंबाखाली कुणी उभं राहिलं की त्यांनी शेवटचं पत्रक वाचावं, असं मी झाडाला सांगून ठेवलं.

बाबा तेव्हा सामान बांधलेल्या खोक्यावर बसून आमचं काम पाहत असत. एकदा त्यांनी विचारलं की हे सांगणं नेमकं कसं असतं. मी समजावलं. वस्तू निर्माण करायची आज्ञा असते, हलवायची असते, आणि नको झाली की पुसून टाकायची असते.

"पुसायचीसुद्धा आहे?" बाबा म्हणाले.

"असावीच लागते ना काका," जुई म्हणाली. "नाहीतर कचरा साठत जातो, सगळं स्लो होतं."

त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "तेवढी एक वापरू नका. ती वापरणारे पुष्कळ आहेत."

तो आमचा कायदा झाला. आमच्या गल्लीत पुसण्याची आज्ञा कुठेच लिहिलेली नव्हती. पतंग तुटला तर कडुलिंबात अडकून राहायचा, कायमचा. कुणी भिंतीवर रेघ मारली तर ती राहायची. आणि मी चपलांचा नियम लिहिला: माणूस कुणाच्या घरात शिरलं की त्याच्या चपला उंबरठ्याबाहेर सुटतात, आणि ते बाहेर येऊन त्या पुन्हा घालेपर्यंत तिथेच राहतात. मग एक तास लागो की एक वर्ष. स्क्रिप्टला नाव दिलं पायताण. आत चप्पल हा शब्द एकदाही आला नाही, बाबांच्या मानासाठी. जुई हसून लोटपोट. म्हणाली, यार, उद्या कुणी दुसऱ्याने हे उघडलं तर त्याला डिक्शनरी लागेल.

लोक आले. कॉलनीच्या जुन्या ग्रुपवर मी दुवा टाकला आणि द्वारकेहून, रोहिणीहून, बदली होऊन गेलेले पार गुवाहाटीहून लोक आपल्याच गल्लीत परत आले. फोनवरून, मुलांच्या लॅपटॉपवरून. कुणी आपल्या दारासमोर नुसतं उभं राहायचं. कुणी शेजाऱ्याच्या घरात शिरून तिथूनच बंद करून टाकायचं, बाहेर यायचं विसरायचं, आणि चपला दारात राहायच्या. हळूहळू प्रत्येक दारात ढीग साठला. मला तो पाहून इतका आनंद व्हायचा की काय सांगू. सकाळी उठून मी आधी गल्लीत एक चक्कर मारायची आणि पूर्वीसारख्या चपला वाचायची.

जुईला तो ढीग खुपायला लागला होता. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गल्ली जड झाली होती, साध्या फोनवर उघडायला फार वेळ लागायचा. तुझ्या सिद्धांतामुळे वर्मा आंटींचा फोन इतका गरम होतो की त्यावर पापड भाजता येईल, असं ती म्हणायची. थोडी सफाई करू, जुन्या चपला काढू, कुणाला कळणारही नाही. मी तिला सुनावलं. कळणार नाही म्हणून करायचं, हीच तर त्यांची पद्धत आहे, आज चपला, उद्या रेघा, परवा माणसं. मी बराच वेळ बोलले. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "झालं पत्रक?"

आम्ही दोघी हसायचो. मला वाटायचं ते हसू सारखंच आहे.

वैशालीच्या त्या नवव्या मजल्यावर दाराबाहेर चपला ठेवायला बंदी होती. सोसायटीचा नियम; गार्ड येऊन बजावून जायचा, कॉरिडोर साफ दिखना चाहिए. आमच्याकडे कोण आलंय हे आता कुणालाच बाहेरून कळत नसे. येतही कुणी नसे. बाबांचा डावा पाय आणि डावा हात गेला तो तिथेच, एका साध्या मंगळवारी, चहा पिताना. त्यानंतर ते बोलायचे, पण शब्द शोधत. उजवा हात चांगला होता. मी त्यांना टॅबलेटवर गल्ली उघडून दिली.

रोज दुपारी जेवण झालं की आई त्यांच्या पाठीशी उशी लावायची, मग ते निघायचे. एका बोटाने. कडुलिंबाखाली स्वतःचंच पत्रक क्षणभर ऐकायचे, मान हलवायचे, कुठलातरी शब्द पसंत नसल्यासारखी. मग सी-सत्तावीसमध्ये. जुईच्या घरच्या व्हरांड्यात एक वेताची खुर्ची होती, जुईने तिची सुटलेली वीणसुद्धा काढली होती. तिच्यात ते बसून राहायचे, तासभर. मी विचारलं, आपल्या घरात का नाही जात तुम्ही? त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. मग म्हणाले, आपल्या घरातून आपलं दार दिसत नाही.

तिथेच त्यांचा डोळा लागायचा. टॅबलेट बंद व्हायचा. त्यांच्या चपला जुईच्या दारात राहायच्या, दुसऱ्या दिवशी ते आतूनच सुरू व्हायचे, बाहेर येऊन त्या घालायचे आणि पुन्हा कडुलिंबापाशी. काळ्या पट्ट्याच्या साध्या रबरी चपला, त्यांच्या खऱ्या चपलांसारख्याच मी बनवल्या होत्या, डाव्या टाचेला झिजलेल्या.

मार्चमधल्या एका दुपारी ते व्हरांड्यात बसले, डोळा लागला. तो उघडला नाही.

तेराव्यानंतर मी गल्लीत गेले. जुईच्या दारात, बाकीच्या ढिगापासून जरा बाजूला, बाबांचं पायताण होतं. नियम माझाच होता: माणूस बाहेर येईपर्यंत राहतं. म्हणजे नियमाप्रमाणे बाबा अजून आत होते. मला ठाऊक आहे की हा नुसता हिशेब आहे, काही ओळींचा. पण मी रोज जायची. खुर्ची रिकामी दिसायची, तरी चपला असायच्या. इतक्या वर्षांत चपला पाहून आत कोण आहे हे ओळखण्यात मी एकदाही चुकले नव्हते.

मी जुईला सांगितलं. ती रोहिणीहून मेट्रोने आली, आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, रडली. गल्ली तिच्या खात्यावर होती, सुरुवात तिच्या दादाच्या संगणकावर झाली म्हणून. मी कधी त्याचा विचारही केला नव्हता. ती म्हणाली, "राहू दे ते तिथेच. माझ्याच दारात आहे ना. मी बघते."

मी बघते. हे तिचे शब्द आहेत.

त्यानंतर तिला गुडगावात नोकरी लागली, घरं बांधण्याआधी ती लोकांना आतून फिरवून दाखवण्याच्या धंद्यातल्या एका कंपनीत. मला तिचा अभिमान वाटला होता. हेही लिहून ठेवते, लपवत नाही.

आणि एका सकाळी मी दुवा उघडला तर पांढऱ्या पडद्यावर एक ओळ आली: ही जागा आता उपलब्ध नाही. मी वीस वेळा उघडून पाहिलं. जुईने फोन घेतला नाही, निरोप पाठवला की शिफ्ट केलंय यार, भेटून सांगते. भेटली नाही. सांगितलं ते वर्मा आंटींनी, आणि तेही आनंदाने. त्यांचा मुलगा नोएडात फ्लॅट पाहायला गेला होता, आई सोबत. "बेटा, अपनी गली देख के आई हूँ," त्या फोनवर सांगत होत्या, "चश्मा पहनाते हैं, और सामने अपना नीम!" इमारतींच्या त्या योजनेचं नावच मोहल्ला. जाहिरातीत लिहिलंय, पुरानी कॉलोनी का अपनापन, आता बत्तिसाव्या मजल्यावर.

अपनापन. ज्यांनी आयुष्यात शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागितली नसेल, त्यांनी हा शब्द बोर्डावर लावला होता, मेट्रोच्या खांबांवर, एकामागून एक.

आज दुपारी मी शोरूममध्ये पोहोचले तेव्हा जुई तिथेच होती. दर आठवड्याला ती यंत्रं तपासायला येते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिने मला पाहिलं आणि कागदी कपात चहा आणला, दोन साखर, विसरली नव्हती. सोफ्यावर माझ्या शेजारी बसली. खूप वेळ तीच बोलत होती. की मेली असती ती गल्ली, तो खेळ आता कोण चालवतं, इथे निदान रोज लोक पाहतात, वर्मा आंटी तर किती खूश झाल्या. मी विचारलं, मला का विचारलं नाहीस.

"तूच लिहिलं होतंस ना, प्रत्येक फाइलच्या वर," ती म्हणाली. "पढ़कर आगे दें. मी आगे दिलं."

जिला मी लहानपणापासून उत्तरं देत आले, तिने माझंच वाक्य माझ्या हातात ठेवलं होतं, आणि ते खरं होतं. बाबांनी ती ओळ लिहिली तेव्हा पुढे देणारा कोण असेल याची त्यांनी अट घातली नव्हती. मीही नाही. मी एवढंच विचारलं, "आणि चपला?"

"ते जुन्या खात्यातलं साठवणीचं होतं. इकडे फक्त गल्ली आणली, फाइली आणल्या. ते सगळं आणता येत नव्हतं यार, इतना भारी था." मग खालच्या आवाजात, "खातं बंद करताना पुसलं गेलं."

पुसलं गेलं. आपोआप, जणू पावसाने. माझ्या बाबांना तिच्या दारातून कुणी हटवलं, तर कुणीच नाही. मी चहा तसाच ठेवला, चपला सोफ्याखाली सरकवल्या, कारण यंत्र घालून ज्यावर फिरायचं त्या गालिच्यावर अनवाणी जायचं असतं, आणि म्हणाले, मला पाहायचंय.

म्हणून मी त्या गल्लीत उभी होते, वास नसलेल्या. शोरूमची मुलगी कानात सांगत होती, आगे बढ़िए मैम. कडुलिंबाखाली गेले. बाबांच्या आवाजाच्या जागी बासरी होती. दारोदार उंबरठे स्वच्छ, धुतल्यासारखे. कॉरिडोर साफ दिखना चाहिए. भिंतीवरच्या रेघा नव्हत्या, कडुलिंबात पतंग नव्हता. मग मुलीने कळ दाबली असावी, कारण गल्लीच्या टोकाकडून घरं विरघळायला लागली. सी-एक, सी-दोन, सी-तीन, क्रमाने, आवाज न करता, आणि त्यांच्या जागी काचेचे मजले वर चढत होते. आमचं घर गेलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. ट्रकच्या फळ्या तरी आपटल्या होत्या तेव्हा. इथे बासरी वाजत होती.

जुईने ती आज्ञा वापरली होती. एकदा नाही, प्रत्येक घरासाठी.

मी मुलीला म्हटलं, पुन्हा एकदा दाखवा, सुरुवातीपासून. गल्ली परत आली. या वेळी मी कडुलिंबाकडे गेले नाही, सरळ सी-सत्तावीसकडे वळले. मुलगी कानात म्हणाली की घरांत जायची गरज नाही, टूर बाहेरूनच आहे. दार पाच पावलांवर उघडलं. आम्ही सांगितल्याप्रमाणे. मी आत पाऊल टाकलं, मागे वळून पाहिलं, तर उंबरठ्याबाहेर दोन चपला सुटून पडल्या होत्या. माझ्या. नियम जिवंत होता. जुईने फाइली उचलून आणल्या होत्या, उघडून पाहिल्या नव्हत्या. टूरमध्ये कुणी घरात शिरतच नाही, म्हणून तो कधी जागा झाला नव्हता.

व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, सुटलेल्या विणीसकट. मी तिच्यात बसले. समोर आमचं दार दिसत होतं. बाबा बरोबर सांगत होते.

"मैम, बाहर आ जाइए, अब टावर देखते हैं," कानात आवाज आला. मी हात वर नेले आणि यंत्र डोळ्यांवरून काढलं. तिथेच, बसल्या जागी.

पुढे एक जोडपं ताटकळत होतं. मी सोफ्यावर जाऊन बसले. नवऱ्याने यंत्र चढवलं, आणि तो पाहील ते समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याच्या बायकोला दिसू लागलं. गल्ली, कडुलिंब, बासरी. मग विरघळणं. सी-एक, सी-दोन. सी-सत्तावीस गेलं. तिथे संगमरवरी लॉबी आली, झुंबर आलं, काळ्या दगडाचा स्वागतकक्ष आला. आणि त्या चकचकीत फरशीच्या मधोमध माझ्या दोन चपला तशाच राहिल्या.

"ये चप्पल किसकी है?" नवऱ्याने हवेत बोट दाखवत विचारलं. बायको हसली. "कोई अंदर गया है क्या?"

मुलगी गोंधळली. सर, कुछ टेक्निकल होगा, असं म्हणत तिने टूर पुन्हा सुरू केली. घरं आली, घरं गेली, चपला हलल्या नाहीत. तिने जुईला हाक मारली. जुई आली, पडद्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. ती संगणकापाशी बसली.

मी वाट पाहिली. मनात कुठेतरी वाटत होतं की ती उठेल, म्हणेल राहू दे. तिची बोटं चालायला लागली. तिने शोधलं: चप्पल. काही सापडलं नाही. स्लिपर. जूता. नाही. फाइलींची यादी खाली खाली जात होती, आमच्या नववीतल्या मराठीत, रोमन अक्षरांत, आणि तिला त्यातलं अर्धंही आता उमगत नव्हतं. आज नाही तर उद्या तिला ते सापडेल, हे मला माहीत होतं. जोडपं चुळबुळत होतं. मुलगी म्हणाली, "मैम, जल्दी हटा दीजिए ना, शाम को बड़े सर आने वाले हैं।"

जुई खुर्चीतच वळली. चेहरा कामाचा होता, पण आवाज तोच, पोह्यांसाठी येणारा.

"ए, काका काय म्हणायचे गं चपलांना?"

मी सोफ्याखालून माझ्या चपला ओढल्या. एक घातली, मग दुसरी. बंद लावले.

"आठवतंय मला," मी म्हणाले, आणि निघाले.